काचेतला समुद्र आणि फिलिप गॉस

दिवाणखान्याच्या एका भिंतीएवढी काचेची टाकी, तिच्यात खारे पाणी, प्रवाळ, समुद्रफुले आणि रंगीत मासे, असा बेत आखणारी हौशी मंडळी आता आपल्या शहरांतही दिसू लागली आहेत. अशी टाकी बांधून देणारे व्यावसायिक मिळतात, परदेशी बनावटीचे मीठ डब्यांतून येते, पंप, दिवे, गाळणी सगळे विकत मिळते. पण समुद्राचा एक तुकडा घरात आणून तो जिवंत ठेवता येतो, हे सामान्य माणसाला पहिल्यांदा पटवून दिले ते एका इंग्रज निसर्गअभ्यासकाने, सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी. त्याचे नाव फिलिप हेन्री गॉस. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ लोकांच्या तोंडी रुळवण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते. त्याच्या आयुष्यात एक डॉक्टर म्हणून थांबून पाहावे असेही बरेच काही आहे.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रे रंगवत. कमाई बेताची. लहानपण दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल या बंदरगावी गेले. वडिलांचे बारीक कुंचल्याचे काम पाहत मुलगा चित्र काढायला शिकला. पुढे सूक्ष्मदर्शकाखालचे जीव आणि समुद्रफुले त्याने ज्या नजाकतीने रंगवली, तिचे मूळ या घरात होते. विद्यापीठाचे तोंड मात्र त्याने कधी पाहिले नाही.

सतराव्या वर्षी तो न्यूफाउंडलंडमधील कार्बोनियर या गावी एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून गेला. १८३२ साली सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक त्याच्या हाती लागले आणि कीटक गोळा करण्याचा नाद लागला. याच वर्षी त्याचा धर्माकडे ओढा वाढला. या दोन्ही गोष्टींनी त्याला आयुष्यभर सोडले नाही. नंतर कॅनडात तीन वर्षे शेती केली, ती फसली. १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा प्रांतात काही महिने शाळामास्तरकी केली. तिथली गुलामगिरी पाहून त्याचे मन विटले. १८३९ मध्ये तो जवळपास रिकाम्या हाताने इंग्लंडला परतला. १८४४ ते १८४६ या काळात जमैकात राहून त्याने तिथल्या पक्ष्यांचा अभ्यास केला. सॅम्युअल कॅम्पबेल नावाचा एक स्थानिक कृष्णवर्णीय तरुण त्याचा मदतनीस होता.

१८४८ मध्ये त्याचा एमिली बोज हिच्याशी विवाह झाला. ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, लिहिती-वाचती आणि त्याच्यासारखीच कडव्या श्रद्धेची. पुढच्या वर्षी मुलगा झाला, एडमंड. लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या घरात गॉस दिवसरात्र लिहीत असे, चित्रे काढत असे. १८५२ च्या सुमारास या अतिश्रमाने त्याची प्रकृती ढासळली आणि हवापालटासाठी कुटुंब डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले. आजारपणातल्या या मुक्कामानेच त्याच्या आयुष्याला वळण दिले.

ओहोटी लागली की गॉस हातोडी-छिन्नी आणि बरण्या घेऊन खडकांवर जाई. खडकांमधल्या डबक्यांत शेवाळ, समुद्रफुले, कोळंबी, शंखवर्गीय प्राणी, लहान खेकडे यांचे एक भरलेले गाव त्याला दिसले. हे सारे लंडनला न्यायचे आणि जिवंत ठेवायचे, असे त्याच्या मनाने घेतले.

या खटाटोपात तो एकटा नव्हता. जान व्हिलप्र-पॉवर या फ्रेंच स्त्रीने १८३० च्या दशकातच सिसिलीच्या किनाऱ्यावर काचेच्या पेट्यांत समुद्री जीव पाळून त्यांचा अभ्यास केला होता. लंडनमध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी १८४० च्या दशकात घरात जिवंत प्रवाळ ठेवले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये या सगळ्यामागचे तत्त्व मांडले. प्राणी प्राणवायू वापरतात आणि कर्बवायू सोडतात. पाणवनस्पती उजेडात नेमके उलट करतात. मेलेली पाने आणि शेवाळ गोगलगायी खाऊन टाकतात. या तिघांचे प्रमाण जमले की पाणी महिनोन्‌महिने न बदलताही स्वच्छ राहते. गोड्या पाण्यात सिद्ध झालेले हे गणित खाऱ्या पाण्यात जमवण्यासाठी वॉरिंग्टन आणि गॉस आपापल्या परीने झटत होते.

गॉसने किनाऱ्यावरून पाठवलेल्या जिवंत प्राण्यांच्या भरवशावर लंडनच्या रीजंट्स पार्क प्राणिसंग्रहालयात मे १८५३ मध्ये जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. लोकांची झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी त्याचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले. त्यातली रंगीत चित्रे पाहून इंग्लंडच्या मध्यमवर्गाला अक्षरशः वेड लागले. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती; रेल्वेमुळे समुद्र दिवसभराच्या अंतरावर आला होता. घराघरांत खाऱ्या पाण्याच्या टाक्या आल्या. १८५५ मध्ये गॉसने खास हौशी लोकांसाठी एक छोटी हातपुस्तिकाही काढली.

त्याचे सल्ले आजही वाचण्याजोगे आहेत. लंडनमध्ये समुद्राचे पाणी हवे असेल तर थेम्सच्या मुखापलीकडे जाणाऱ्या आगबोटीच्या माणसांना थोडे पैसे द्यावेत आणि नदीच्या गढूळ पाण्यापासून लांब, खुल्या समुद्रातले पाणी आणायला सांगावे. पिंप स्वच्छ हवे. टाकीत आधी शेवाळ घालावे, ते रुळले की मगच प्राणी सोडावेत. मेलेला जीव ताबडतोब काढावा, कारण एक कुजला की सगळे पाणी नासते. पाणी आटले तर खारे नव्हे, गोडे पाणी घालावे, कारण वाफ पाण्याची होते, मिठाची नव्हे. हा शेवटचा नियम नवे हौशी लोक आजही विसरतात आणि टाकी हळूहळू मिठागर होते.

समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्याने १८५४ मध्ये कृत्रिम समुद्रजल तयार केले. खाण्याचे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, एवढीच चार द्रव्ये. यातले मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे जुन्या दवाखान्यांत जुलाबासाठी दिले जाणारे एप्सम सॉल्ट. या पाण्यात त्याचे शेवाळ वाढले आणि प्राणी जगले. आज डब्यांतून मिळणारे समुद्री मीठ याच कल्पनेचे सुधारलेले रूप आहे. त्यात कॅल्शियम आणि इतर सूक्ष्म घटकही असतात, कारण प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम लागते.

गॉसला एक गोष्ट मात्र ठाऊक असणे शक्य नव्हते. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया बाहेर पडतो आणि तो त्यांना विषासारखा असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे कोडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडले. माणसाच्या शरीरात रक्त शुद्ध करायला मूत्रपिंडे आहेत. टाकीची मूत्रपिंडे म्हणजे तिच्यातल्या दगडांवर, वाळूत आणि गाळणीत राहणारे हे जिवाणू. नव्या टाकीत ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या आठवड्यांत घाईने मासे सोडले की ते मरतात, आणि दुकानदाराने आजारी मासे दिले असे आपल्याला वाटते.

गॉसच्या काळातच आणखी एकाने पुढचे पाऊल टाकले. विल्यम अल्फर्ड लॉइड हा लंडनमधला अ‍ॅक्वेरियमचा व्यापारी. १८७१ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात त्याने दर्शनी टाक्यांखाली अंधारा मोठा हौद बांधला आणि पंपाने पाणी सतत फिरते ठेवले. अंधारात शेवाळ माजत नाही, आणि एकूण पाणी जास्त असल्याने तापमान व क्षार झटकन बदलत नाहीत. आजच्या मोठ्या घरगुती टाकीखाली कपाटात दडलेली दुसरी टाकी, जिला व्यावसायिक ‘संप’ म्हणतात, ती याच हौदाची वारसदार. मोठी टाकी सांभाळायला लहानीपेक्षा सोपी असते ती यामुळेच.

पण मोठ्या टाकीचा हिशेब कागदावर आधी करावा लागतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच अशी टाकी घ्या. तिच्यात सुमारे ८५० लिटर पाणी मावते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे एका भरणीला ३० किलो मीठ. पाण्याचेच वजन ८७० किलोच्या आसपास. काच, दगड, वाळू, स्टँड धरले की एक टनाच्या वर. हे सगळे १२ चौरस फुटांवर, म्हणजे चौरस मीटरला पाण्याचाच भार पावणेआठशे किलो. आपल्याकडे राहत्या घराच्या स्लॅबसाठी धरला जाणारा वापराचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो असतो. म्हणून जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारणे ही हौसेतली पहिली पायरी. वीज गेली की पंप बंद पडतात, तेव्हा इन्व्हर्टर लागतो. खाऱ्या पाण्याजवळच्या सगळ्या विजेला गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच हवाच.

पुन्हा गॉसकडे. १८५६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. विद्यापीठ न पाहिलेल्या माणसाला हा मोठाच मान होता. चार्ल्स डार्विन त्याच्याशी पत्रव्यवहार करत असे. कीर्ती होती, पैसा येऊ लागला होता. आणि याच वर्षी एमिलीला आपल्या स्तनात एक गाठ लागली.

गाठ कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. भूल देण्याची सोय तोवर आली होती, पण लिस्टरची जंतुनाशक पद्धत यायला अजून दशक होते. शस्त्रक्रियेनंतर जखम पिकून माणसे दगावत. त्याच सुमारास जेसी वेल्डन फेल नावाचा एक अमेरिकन डॉक्टर लंडनमध्ये आला होता. सुरी न लावता कर्करोग काढतो, असा त्याचा दावा होता. ब्लडरूट या उत्तर अमेरिकी वनस्पतीचे मूळ आणि झिंक क्लोराइड यांचा तो लेप करी. झिंक क्लोराइड मांस जाळते. जळालेला भाग मरतो, सुटतो, आणि गाठ निघून आल्यासारखी दिसते. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयानेही ही पद्धत तपासून पाहिली होती, तेव्हा हा नुसता रस्त्यावरचा वैदू नव्हता. गॉस दांपत्याने सुरीऐवजी लेप निवडला.

पुढचे महिने वेदनांचे होते. लेपासाठी एमिलीला घर सोडून फेलच्या दवाखान्याजवळ बिऱ्हाड करावे लागले. सात वर्षांचा एडमंड तिच्या सोबतीला असे. रोग मात्र शरीरात पसरतच राहिला. फेब्रुवारी १८५७ मध्ये ती गेली. गॉसने त्याच वर्षी तिच्या अखेरच्या दिवसांवर एक छोटे पुस्तक लिहिले. निसर्गअभ्यासकाच्या सवयीने त्याने उपचारही बारकाईने नोंदवले, म्हणून आज आपल्याला ते कळतात.

त्या काळी शस्त्रक्रिया केली असती तर एमिली वाचलीच असती, असे म्हणता येणार नाही. पण आज परिस्थिती वेगळी आहे आणि तरीही तीच निवड होते. सरकारी रुग्णालयात स्तनातली गाठ घेऊन येणाऱ्या स्त्रियांपैकी कितीतरी जणी आधी कुठलातरी लेप, कुठलेतरी पोटीस लावून आलेल्या असतात. गाठ दुखत नव्हती म्हणून थांबलो, असे सांगतात. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. फेलच्या लेपाचा वंशज ‘ब्लॅक साल्व्ह’ या नावाने आजही इंटरनेटवर विकला जातो. तो वरचे मांस जाळतो. खोलवरचा रोग तसाच राहतो आणि निदानाला उशीर होतो. स्तनात गाठ, त्वचेला खळी, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर तपासणी, सोनोग्राफी वा मॅमोग्राफी आणि सुईने घेतलेला तुकडा, हा रस्ता आहे. लवकर आलेली स्त्री आज बरी होऊन घरी जाते, आणि अनेकदा पूर्ण स्तन काढावाही लागत नाही.

एमिली गेली त्याच वर्षी गॉसने ‘ओम्फॅलॉस’ हे पुस्तक लिहिले. ओम्फॅलॉस म्हणजे बेंबी. खडकांतील जीवाश्म पृथ्वीचे वय प्रचंड असल्याचे सांगत होते. त्याची श्रद्धा सृष्टी थोड्या दिवसांत निर्माण झाली असे सांगत होती. त्याने तोड काढली ती अशी, की ईश्वराने सृष्टी निर्माण केली तीच वय झालेली: आदमला बेंबी, झाडांना वर्षांची वलये आणि खडकांत जीवाश्म यांसह. शास्त्रज्ञांना ते पटले नाही आणि श्रद्धावंतांनाही पटले नाही, कारण मग ईश्वरच खोटा पुरावा पेरतो असा अर्थ निघत होता. पुस्तक पडून राहिले. दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, डार्विनचा ग्रंथ आला. डबक्यातल्या प्रत्येक जिवाकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसाला त्या जिवांचा इतिहास मात्र पाहायचा नव्हता. पुढे एडमंडने ‘फादर अँड सन’ (१९०७) या पुस्तकात बापलेकांतील हा ताण उभा केला, आणि त्यामुळे गॉस अनेकांना केवळ हट्टी बाप म्हणूनच माहीत राहिला.

लंडन सोडून तो मुलासह डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे कायमचा राहायला गेला. तिथे त्याने ब्रिटनमधील समुद्रफुले आणि प्रवाळांवरचा मोठा ग्रंथ १८६० मध्ये पुरा केला. त्याच वर्षी एलायझा ब्राइटवेन हिच्याशी त्याचा दुसरा विवाह झाला. पण या वर्षांत त्याला आणखी एक दुःख पाहावे लागले. त्याच्याच पुस्तकांनी वेडावलेले लोक टोपल्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर येत होते. खडकांतली डबकी ओरबाडली गेली. शतकानुशतके कुणी हात न लावलेली गावे काही वर्षांत उजाड झाली. आपण दाखवले म्हणून हे लुटले गेले, ही बोच त्याला होती, असे मुलाने लिहून ठेवले आहे.

उतारवयात त्याने ऑर्किड वाढवले, चक्रधर म्हणजे रोटिफर या सूक्ष्मजीवांवर हडसन या अभ्यासकाबरोबर १८८६ मध्ये मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि दुर्बिणीतून तारे पाहण्याचा छंद लावून घेतला. थंडीच्या रात्री उघड्या खिडकीशी तारे पाहत बसला असताना त्याला ब्राँकायटिस झाला, आणि त्यातून तो सावरला नाही. २३ ऑगस्ट १८८८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी तो वारला.

घरात समुद्र आणणाऱ्यांसाठी डॉक्टर म्हणून आणखी दोन गोष्टी. फिश टँकच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद असू शकतो. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत तो प्रथम ओळखला गेला. हाताला ओरखडा असताना टाकीत हात घातला तर काही आठवड्यांनी बोटावर वा मनगटावर न भरणारी गाठ येते. साध्या औषधाने ती जात नाही, काही महिने प्रतिजैविके घ्यावी लागतात. डॉक्टरांना आपल्या घरी फिश टँक आहे हे आपणहून सांगा. निदान निम्मे तिथेच होते. दुसरे, झोअँथिड नावाचे बटणासारखे दिसणारे काही प्राणी पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष बाळगतात. असे प्राणी चिकटलेला दगड गरम पाण्यात उकळला वा घासला तर वाफेतून, उडालेल्या थेंबांतून ते विष घरभर पसरते. धाप, ताप, अंगदुखी आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावूनच दगड हाताळावेत, आणि उकळू तर कधीच नयेत.

राहता राहिली ती गॉसची बोच. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मालवणच्या समुद्रातून ते तोडून आणणे हा गुन्हा आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून कित्येक पिढ्यांतील मुलांनी तिथे काचेला नाक लावून समुद्र पाहिला. घरी टाकी करायचीच असेल, तर विक्रेत्याला किमतीच्या आधी हे विचारावे की हे मासे टाकीतच जन्मलेले आहेत की समुद्रातून धरलेले. क्लाउनफिशसारखे कित्येक मासे आता टाकीतच पैदास होऊन मिळतात. ते टाकीतल्या जगण्याला आणि तयार खाद्याला आधीच सरावलेले असतात, आणि त्यांच्यासाठी कुणाला खडकावर छिन्नी चालवावी लागत नाही.